‘नको’ शिकवणारे सर

सरांच्या शर्टाच्या खिशाला मुंग्या लागायच्या. त्या खिशात केळ्याचे वेफर्स असत, एकाचे चार तुकडे केलेले, आणि राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा. समोर बसलेल्या मुलाने काही केलं, अगदी त्यांच्याकडे नुसतं बघितलं तरी, सरांची दोन बोटं खिशात जात आणि एक तुकडा मुलाच्या तळहातावर येई. दिवसभर हे चाले. स्वतः मात्र त्यातला एकही तुकडा ते तोंडात टाकत नसत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “वाटणारा खायला लागला की त्याचा हात आखडतो.”

शर्टही एकच. म्हणजे होते पाच, पण पाचही एका ठाणातले, बिस्किटी रंगाचे, अर्ध्या बाहीचे. मुलांना रोज तोच माणूस दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यातला एक फाटला तेव्हा तसल्याच कापडासाठी त्यांनी जळगावातली दुकानं पालथी घातली. कापड मिळालं नाही. मग चार शर्टांवर भागवलं, पण वेगळ्या रंगाचा घातला नाही.

आणि पंखा. त्यांच्या खोलीत पंखा होता, पण लावत नसत. कधीकाळी एक मुलगा पंख्याकडे बघत बसायचा म्हणून तो बंद केला. तो मुलगा पुढे यायचा थांबला, पंखा बंदच राहिला. जळगावचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना यातलं वेड कळेल. बाहेरच्या खोलीत आम्हा आयांसाठी कूलर घरघरत असे. आत सर आणि एक मूल, जमिनीवर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. एका वेळी एकच मूल. दार उघडं, पण आम्ही दाराकडे पाठ करून बसायचं, हा नियम.

मी जुईला, माझ्या मुलीला, तिथे पहिल्यांदा नेलं तेव्हा ती चार वर्षांची होती. आम्ही दीपनगरच्या वसाहतीत राहतो, नवरा वीज केंद्रात आहे. केंद्राची घरघर आम्हाला ऐकू येईनाशी झालेली आहे, जुईला मात्र ऐकू येते. ती फरशीला कान लावून तासन्‌तास पडून राहायची आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मला कधी कुठल्या देवळात मिळालं नाही. पण ती बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती. नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर ऑटिझम असं लिहिलं आणि खाली लिहिलं की मुलीला रोज, एकास एक, वर्तनाचं शिक्षण द्यावं. ते कुठे मिळतं, हे काही लिहिलं नव्हतं.

ते जळगावात मिळत होतं, एका टायपिंगच्या क्लासमध्ये. पाटीवर अजून इंग्रजी-मराठी टंकलेखन असंच होतं. सर मूळचे धुळ्याचे, पण वीस-बावीस वर्षं जळगावात टायपिंग शिकवलेले. टायपिंगला येणाऱ्या एका बाईचा मुलगा दिवसभर किंचाळायचा. फक्त मशीनची ओळ संपताना घंटी वाजली की तो गप्प व्हायचा. सर त्याच्यासाठी रिकाम्या कागदावर ओळी मारत बसायचे. तिथून हे सुरू झालं. कॉम्प्युटर आले, क्लास ओस पडला, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी सर विशेष शिक्षणाची पदविका घ्यायला पुण्याला गेले आणि विशीतल्या मुलींच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून शिकून आले. लग्न केलेलं नव्हतं. विचारणाऱ्याला सांगत, “वेळ नाही झाला.” जणू काही लग्न म्हणजे बँकेत जाऊन यायचं काम.

थेरपी हा शब्द त्यांना चालत नसे. “सराव म्हणा,” म्हणत. टायपिंगचा सराव आणि हा सराव यांत ते काही फरक करत नव्हते. दहा वेळा करायचं, बरोबर आलं तर वहीत अधिक, चुकलं तर उणे. चुकल्यावर रागवायचं नाही, पुढच्या ओळीला लागायचं. “कधी बोलेल?” असं आयांनी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, “मला भविष्य येत नाही. मला ओळी येतात.”

पहिले तीन आठवडे त्यांनी जुईला काहीही शिकवलं नाही. ती खोलीभर फिरायची, जवळून गेली की सर तुकडा पुढे करायचे. बस. मी दीपनगरहून भुसावळ, भुसावळहून जळगाव, अशी उन्हातान्हात पोर कडेवर घेऊन येत होते. एक दिवस मला राहवलं नाही.

“सर, तीन आठवडे झाले. नुसते वेफर्स चाललेत.”

“तुम्ही लग्नानंतर सासूशी मोकळेपणाने किती दिवसांनी बोललात?”

“ते वेगळं.”

“किती दिवसांनी?”

“वर्ष लागलं असेल.”

“मग माझी प्रगती बरी आहे,” असं म्हणून ते पुन्हा आत गेले.

मोठ्या माणसांनाही ते तसंच वागवत. वेळेवर आलेल्या बापाच्या हातावर तुकडा ठेवत. आमच्या इंजिनिअर नवऱ्याच्या हातावरही एकदा ठेवला. नवरा माझ्याकडे बघत राहिला, मग मुकाट्याने त्याने तो खाल्ला. पुढच्या वेळी पाच मिनिटं आधी आला. पण कोणी मुलाला ‘बिचारा’ म्हटलं की सरांचा चेहरा दगड होई. एका म्हाताऱ्याने नातवाला लाडाने येडा म्हटलं, तर त्याला बाहेर रस्त्यावर उभं केलं. म्हातारा तासभर उन्हात उभा होता. सरांनी वेळ संपल्यावर स्वतः पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि म्हणाले, “आबा, उद्या या. तो शब्द घरी ठेवून या.”

बाहेरच्या खोलीत, कूलरच्या वर, एकच फोटो होता. खुर्चीवर बसलेला एक मुलगा, दोन्ही हात मांडीवर, नजर सरळ. तो भूषण. रावेर तालुक्यातल्या एका केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा आणि सरांचा सगळ्यांत मोठा अभिमान.

भूषण लहानपणी पळायचा. दार उघडं दिसलं की सुटायचा तो थेट हमरस्त्यावर, केळीच्या ट्रकांसमोर. दोनदा ड्रायव्हरांनी ब्रेक मारले म्हणून वाचला. आई त्याला साडीने खाटेला बांधून ठेवत असे. त्याचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, सरांकडे आले आणि म्हणाले, “सर, बोलला नाही तरी चालीन. लिहिला-वाचला नाही तरी चालीन. पन त्याले बसता येऊ द्या.”

त्या एका मागणीसाठी सर वर्षभर दर रविवारी रावेरला गेले. ‘बस’ म्हटलं की बसायचं. आधी एक आकडा मोजेपर्यंत, मग दोन, मग दहा. ‘ऊठ’ म्हटल्यावर उठायचं, आधी नाही. अधिक आणि उणे यांनी वह्या भरल्या. वर्षाच्या शेवटी भूषण ‘बस’ म्हटलं की बसत होता, आणि ‘ऊठ’ म्हणेपर्यंत बसून राहत होता. साडी सुटली. त्याची आई सरांच्या पाया पडायला वाकली तेव्हा सर दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी तिच्या हातावर वेफरचा तुकडा ठेवला. ती बाई तो तुकडा हातात धरून रडत होती, असं नाना सांगायचे.

जुई साडेपाच वर्षांची असताना भूषण एकदा क्लासमध्ये आला होता. अठरा वर्षांचा, उंच, मिशी फुटलेला. नाना आणि सर बोलत होते, मी जुईची वाट बघत होते. भूषण फोटोतल्यासारखाच खुर्चीवर बसला होता. दीड तास. मी सारखी त्याच्याकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की त्याची पँट ओली झाली आहे. खुर्चीखाली ओघळ आला होता. त्याने चुळबुळसुद्धा केली नव्हती.

सरांनीही ते पाहिलं. फडकं आणलं, स्वतः फरशी पुसली. नानांना एवढंच म्हणाले, “मधून मधून ऊठ म्हणत जा. विसरू नका.”

“हो सर,” नाना म्हणाले.

मी इथे खोटं लिहिणार नाही. ते पाहून मला कसंतरी झालं नाही. मला हेवा वाटला. दीड तास! माझी मुलगी बसमध्ये पाच मिनिटं बसत नव्हती, लोक माझ्याकडे वळून वळून बघत, कंडक्टर म्हणे, “बाई, पोरगी आवरा.” मी त्या दिवशी घरी जाताना मनात म्हटलं, आपली जुई एक दिवस अशी बसेल.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, एका दुपारी, नाना क्लासमध्ये आले. सर आत जुईला घेऊन बसले होते. नाना खुर्चीवर बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. डोक्याचे केस काढलेले होते. मी काही विचारायच्या आत सर बाहेर आले. मध्येच उठून ते कधी येत नसत, पण नानांचा आवाज नसतानाही त्यांना कसं कळलं कोण जाणे.

“सर,” नाना म्हणाले, “भूषण गेला.”

मग त्यांनी सांगितलं. थांबत थांबत, पण काही न गाळता. भूषण रोज त्यांच्याबरोबर शेतात यायचा. त्या दिवशी केळीची कापणी चालू होती, ट्रक लागला होता. नानांनी त्याला बांधावर आणलं, “बस” म्हणाले, तो बसला. एवढ्यात घड कापणाऱ्या एका मजुराच्या पायाला कोयता लागला. रक्त थांबेना. नानांनी त्याला मोटरसायकलवर घातलं आणि रावेरला डॉक्टरकडे नेलं. त्यांना वाटलं, आपला भाऊ शेतातच आहे, तो पोराकडे बघेल. भावाला वाटलं, नानांनी जाताना पोराला घरी सोडलं. ट्रक भरून गेला, मजूर जेवायला गेले. अकरा वाजल्यापासून साडेतीनपर्यंत भूषण बांधावर उन्हात बसून होता.

“सावली पाच पावलांवर व्हती, सर,” नाना म्हणाले. “मी मोजली. केळीचं शेतच ते, जिकडेतिकडे बठ्ठी सावलीच. पाच पावलं. पन तो उठलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा जीव गेला.

कूलर चालू होता. आतून जुईचा गुणगुणण्याचा आवाज येत होता.  नानांनी पिशवीतून एक पत्रिका काढली, तेराव्याची, आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरली.

“तुम्ही आलं पाहिजे, सर. तुम्ही लई कष्ट घेतले त्याच्यासाठी. तुम्ही शिकवेल ते तो शेवटपर्यंत इसरला नाही.”

नानांच्या मनात बोचरं काही नव्हतं. ते खरंच आभार मानायला आले होते. तेच ऐकवत नव्हतं.

सर एरवी आमच्याशी अगदी छापील मराठी बोलत. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून त्यांची घरची अहिराणी ऐकली. पत्रिका हातात धरून ते म्हणाले, “मनी चूक शे, नाना. बठ्ठी मनी चूक शे.”

“तुमची कशाची सर? मीच ‘ऊठ’ म्हनाले इसरलो.”

दोघं एकमेकांसमोर उभे होते. दोघांनाही चूक स्वतःकडे हवी होती. मी जुईला उचललं आणि निघून आले.  

महिनाभर क्लास बंद होता. उघडला तेव्हा भिंतीवरचा फोटो नव्हता आणि सर एक वेगळंच काम करायला लागले होते.

ते मुलांना ‘बस’ म्हणत. मूल बसलं तर काहीच नाही. मूल उठून गेलं तर खिशातून तुकडा. मुलाला न आवडणारी वस्तू त्याच्यापुढे धरत, कुणाला कारलं, कुणाला खरखरीत ब्रश, आणि त्याने हात झटकला, मान फिरवली की म्हणत, “नको? बरं. मग नको.” आणि वस्तू लगेच दूर. पुन्हा. दहादा. पुन्हा दहादा. जी मुलं वर्षानुवर्षं ‘ये, बस, हात खाली’ शिकली होती त्यांना सर आता दुसरं काहीही शिकवायला तयार नव्हते. अक्षरं नाही, रंग नाही, नमस्कार तर नाहीच.

“आधी नको म्हणता आलं पाहिजे,” म्हणत. “बाकीचं नंतर. बाकीचं नाही आलं तरी कोणी मरत नाही.”

पालक चिडले. एका मुलाचे वडील बाहेरच्या खोलीत सगळ्यांदेखत ओरडले, “सर, पोरगं घरात कुणाचं ऐकेना झालंय. आम्ही ऐकायला शिकवायला पाठवतो की माजायला?”

सर शांतपणे म्हणाले, “तो नको म्हणतो का?”

“सारखं!”

“छान.”

“तुमचं डोकं फिरलंय,” ते गृहस्थ म्हणाले आणि मुलाचा हात धरून निघून गेले. एकेक करून बाकीचेही गेले. दिवाळीपर्यंत तीन मुलं उरली, संक्रांतीला जुई एकटीच. मी थांबले, यात माझा काही मोठेपणा नव्हता. दुसरीकडे कुठे जाणार? आणि भूषणचा हेवा केल्याचं मला आठवत होतं.

जुई सात वर्षांची झाली त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी तिचे केस विंचरत होते. गुंता ओढला गेला, तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “नको.”

स्पष्ट. दोन्ही अक्षरं. सात वर्षांत तिने उच्चारलेला पहिला शब्द. मी कंगवा खाली ठेवला.  तिने वर बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. कंगवा खरंच खाली ठेवला गेला आहे याची तिने खात्री करून घेतली. मग हसली. तिचं बोलणं ऐकून जग हललं होतं, आणि ते तिला कळलं होतं.

मी सरांना फोन केला. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. मी घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही थांबलात ना लगेच?”

“हो.”

“छान केलंत.” ‘छान’ मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

ते दीड-दोन महिने आमच्या घरातले सगळ्यांत सुखाचे. जुई आंघोळीला नको म्हणायची, भाजीला नको म्हणायची, आत्याच्या पापीला नको म्हणायची. आत्या रुसली. मला मनातून आनंद झाला.

मग तिने औषधाला नको म्हटलं.

जुईला फिट्स येत. तिसऱ्या वर्षापासून तिला त्याचं औषध सकाळ-संध्याकाळ चालू होतं, कडू, चिकट. डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं, एक वेळसुद्धा चुकवायचं नाही. आणि आता चमचा पुढे आला की ती मान फिरवून म्हणे, “नको.” दुधात घातलं तर दूध नको. शिऱ्यात घातलं तर शिरा नको. आणि आम्ही तिला शिकवलेलं होतं की नको म्हटलं की जग थांबतं.

मी सरांना विचारलं, “औषध सोडून बाकी सगळ्याला नको चालेल, असं शिकवता येईल का?”

“येईल. वेळ लागेल. महिनाभर तरी.”

“महिनाभर औषध न देता?”

त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे, तिरकं का असेना. या वेळी ते म्हणाले, “मला माहीत नाही, ताई.” त्यांनी मला ताई म्हटल्याचं तेवढंच आठवतं.

पण दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून ते दीपनगरला हजर झाले. चार दिवस रोज आले. आमच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसत, पुढे लाल वाटी आणि निळी वाटी, दोन्हींत तेच औषध. “कोणतं?” तिच्यापुढे निवड ठेवायची, म्हणजे हो म्हणण्याची वाट तिची तिलाच सापडेल. पहिल्या दिवशी दोन्ही नको. दुसऱ्या दिवशी दोन्ही नको. तिसऱ्या दिवशी तिने निळ्या वाटीत बोट बुडवून चाटलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. आमच्या घरात पंखा चालू होता तरी.

चौथ्या दिवशी ती दोन्ही वाट्यांकडे बघत असतानाच फिट आली. आधी डोळे एका बाजूला गेले, मग हातपाय. आम्हाला सवय होती, मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल दिला. पण या वेळी ती लवकर थांबेना. सर वाट्या हातात घेऊन भिंतीपाशी उभे होते. फिट ओसरली, ती निपचित पडली, मग तासाभराने जागी झाली.

नवरा म्हणाला, “आता पुरे.”

त्याने तिचे पाय धरले. मी मांडीत डोकं धरलं, नाक दाबलं, चमचा दातांमधून आत घातला. ती म्हणाली, “नको.” मी ओतलं. ती औषध गुळणीसारखं बाहेर काढत म्हणाली, “नको, नको.” मी पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही, गिळलं.

सर दारात उभे होते. त्यांनी आम्हाला अडवलं नाही. नंतर आम्हाला दोषही दिला नाही. “बरोबर केलंत,” एवढंच म्हणाले, आणि ते खरं होतं, डॉक्टरही तेच म्हणाले. औषध सुरू राहिलं, फिट्स आटोक्यात आल्या. जुई वाचली.

त्या दिवसानंतर ती नको म्हणाली नाही. एकदाही. चमचा आला की तोंड उघडते. कंगवा आला की डोकं पुढे करते. आत्याने पापी घेतली की गाल पुढे करते, आणि तिचे डोळे कुठेतरी भलतीकडे असतात. सरांनी क्लासमध्ये तीन महिने प्रयत्न केला. कारलं धरलं तर ती कारलं खाई. न चावता, थंडपणे, सगळं. एक दिवस सरांनी तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, “आता येऊ नका. माझ्याकडे हिला द्यायला काही उरलं नाही.”

पुढच्या महिन्यात ते धुळ्याला पुतणीकडे राहायला गेले. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, जीभही जरा जड झाली. मी दोन-तीन महिन्यांनी फोन करत असे. ते आधी माझी चौकशी करत, मग नवऱ्याची, मग शेवटी एकच प्रश्न विचारत, “म्हणते का?”

“नाही अजून, सर.”

“बरं,” म्हणत आणि फोन ठेवत.

सर जाऊन आता वर्ष झालं. जुई अकरा वर्षांची आहे, चांगली उंच झाली आहे. परवा तिच्या शाळेतल्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, “लई शांत पोरगी तुमची, काही म्हणजे काही त्रास नाही.” मी घरी येऊन तिला जवळ घेतलं. तिने जवळ घेऊ दिलं. तिला ते हवं होतं की नको, मला कळायला काही मार्ग नाही.

सर गेले त्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या पुतणीचा फोन आला. “काका खूप खालावलेत. जेवण सोडलंय. तुमचं नाव घेताहेत, बोला जरा.” तिने फोन त्यांच्या कानाला लावला. नेहमीसारखी माझी चौकशी नाही, नवऱ्याची नाही.

“म्हणते का?” त्यांनी विचारलं.

जुई माझ्या शेजारीच फरशीला कान लावून पडली होती.

“म्हणते, सर,” मी म्हणाले. “आता परत म्हणायला लागलीय. आज सकाळीच म्हणाली.”

पलीकडे पुतणीचं काहीतरी बोलणं, भांड्याचा आवाज. मग सर, तुटक तुटक, “तिच्याकडे द्या. मला ऐकू द्या.”

मी फोन तोंडापासून हातभर लांब धरला. जुईने डोकंही उचललं नाही. मी डोळे मिटले आणि जमेल तितक्या बारीक आवाजात म्हणाले, “नको.”

 मी फोन पुन्हा कानाला लावला.

“बरं,” सर म्हणाले. “मग नको.”

आणि त्यांनी पुतणीला फोन बंद करायला सांगितलं.